चुकायचं ठरलं होतं

"तुमचं मशीन चुकतं का हो कधी?" नवरीनं विचारलं.

मी स्टुलावर उभी होते. दातांत कात्री, हातात चिकटपट्टी, आणि स्पीकरची वायर खांबाला बांधणं चाललेलं. अशा वेळी माणसाला प्रश्न विचारू नये, पण लग्न तिचं होतं, तिला कोण सांगणार. मी दातांतली कात्री काढली आणि म्हणाले, "मशीन चुकतं. मी चुकत नाही."

"हो, तेच ऐकलं होतं," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा पडला.

हे वाक्य ऐकून कुणाचा चेहरा पडलेला मी तोवर पाहिला नव्हता. लोक मला बोलवायचे ते ह्याच वाक्यासाठी. मी स्टुलावरून उतरले.

ही लोणंदची गोष्ट, बरीच वर्षं झाली तिला. गावाबाहेर फलटण रस्त्याला एक मंगल कार्यालय होतं, तिथं रेवती धुमाळची हळद होती. हळद दुपारची, लग्न दुसऱ्या दिवशी. मी आणि माझा जयवंतमामा सकाळीच सामान घेऊन पोचलो होतो. स्पीकर आणि टेम्पो मामाचा, लॅपटॉप आणि डोकं माझं. त्याआधी मी फलटणला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. क्लास बंद पडला, आणि मामाचा आधीचा डीजे मुंबईला पळाला, अशा दोन चांगल्या गोष्टी एकाच महिन्यात घडल्या. बायकांच्या हळदीला बाईच डीजे आहे म्हटल्यावर बायका मोकळ्या नाचतात, पदर कमरेला खोचतात, कुणाकडं बघत नाहीत. त्यामुळं काम भरपूर. सगळीकडं मला डीजेबाई म्हणायचे. वैजयंता एवढं चांगलं नाव आईनं ठेवलं होतं, ते फक्त वीजबिलावर उरलं होतं.

आता न चुकण्याचं सांगते. धंद्यात पडायच्या आधी मी एका लग्नाला पाहुणी म्हणून गेले होते. मंगलाष्टकं चालली होती. भटजींनी शेवटचं सावधान म्हटलं, सगळ्यांनी अक्षता उचलल्या, आणि वाजंत्री लागायच्या ऐवजी स्पीकरमधून एका पुरुषाचा भारदस्त आवाज आला, "मूळव्याधीनं त्रस्त आहात?" तिथल्या डीजेनं इंटरनेट चालू ठेवून गाणं लावलं होतं, मध्येच जाहिरात आली. माणसं हसून हसून खाली बसली. नवऱ्या मुलाला त्याच्या गावात अजून त्याच आजाराच्या नावानं ओळखतात. त्याला तो आजार कधीच नव्हता. त्याच्या बायकोनं मला स्वतः सांगितलं.

म्हणून माझ्या लॅपटॉपवर कार्यक्रमाच्या वेळी इंटरनेट बंद. एक गाणं संपलं की पुढचं आपोआप लागायची सोय बंद. जे गाणं चालू आहे त्याच्या जागी चुकून दुसरं टाकता येऊ नये म्हणून कुलूप. कार्यक्रम चालू असताना कुठलीही सेटिंग बदलता येऊ नये म्हणून दुसरं कुलूप. बोट लागून बाण भलतीकडं पळतो, म्हणून लॅपटॉपच्या टचपॅडवर जाड पुठ्ठा चिकटवलेला. मामा म्हणायचा, "वैजे, एवढं तर बँकेत नसतं." मी म्हणायचे, बँकेत नवरी नसते.

आणि माईक तर मला डोळ्यांसमोर नको असायचा. माईक दिसला की कुणीतरी काका उठतो, शेरोशायरी करतो, नवरीच्या लहानपणीची आठवण सांगतो, आणि तिला सासरच्यांसमोर तोंड लपवावं लागतं. त्यात हळदीला नावं घ्यायची पद्धत. कोणी कोणी येऊन हळद लावायची ते नाव घेऊन बोलवायचं, मग ती बाई उठणार, पदर सारखा करणार, मिरवत पाटाजवळ जाणार. हे नाव घेणारा गडबडला की मामीच्या आधी चुलती जाते, आणि पुढं दहा वर्षं दोघींचं बोलणं बंद. त्यावर मी तोडगा काढला होता. नावं मी आधीच शांत खोलीत माझ्या आवाजात भरून ठेवायची. माझ्याकडं चौकोनी बटणांची एक पट्टी होती. एका बटणाला एक नाव. बटण दाबलं की आधी ढोलाचे ठोके, मग नाव, मग त्या बाईला शोभेल असं गाणं. बटणांची दोन पानं होती. पहिलं पान कार्यक्रमाचं, ते सगळ्या हॉलला ऐकू जाणार. दुसरं पान तपासायचं.

रेवतीच्या घरची नावं मला तिच्या आत्यानं फोनवर सांगितली होती. कौसल्याआत्या. घरातली सगळ्यांत मोठी, सगळी सूत्रं तिच्या हातात. सवाष्णींची नावं तिनं मानानुसार घडाघडा सांगितली. मी विचारलं, "आणि नवरीची आई?"

"तिचं न्हाय घ्यायचं."

"का?"

"माझा भाऊ गेला न्हवं का," ती म्हणाली. मग म्हणाली, "पुढचं नाव लिवून घे. मामी."

तर ही रेवती त्या सकाळी माझ्यापुढं उभी होती. मेंदी काढलेले हात अंगापासून लांब धरलेले, केसांना चाप लावलेला. बँकेत नोकरी करणारी, शिकलीसवरलेली मुलगी.

"मला तुमच्याकडून एक चूक करून हवीय," ती म्हणाली.

"मी डीजे आहे," मी म्हणाले. "चुका करणारी माणसं दुसरी असतात. नंबर देऊ का?"

ती हसली नाही. "आईचं नाव भरा. आणि आत्याचं झालं की चुकून लावा."

"चुकून."

"हो. नंतर सांगायचं, मशीनची गडबड झाली. एकदा नाव मोठ्यानं घेतलं की झालं. नाव घेऊन बोलावलेल्या बाईला अर्ध्या वाटेतून परत पाठवायची आमच्यात कुणाची छाती नाही. आत्याचीसुद्धा."

"तू सरळ विचारलं नाहीस त्यांना?"

"विचारलं की. मोठ्या आबांना, म्हणजे माझ्या चुलत्यांना, विचारलं. कन्यादान तेच करणारेत. ते म्हणाले, माझं काही नाही, पण आक्काला विचार. आत्याला विचारलं. ती म्हणाली, माझं काही नाही, पण लोक. मग मी भांडले. तर आईनंच मला स्वतःच्या गळ्याची शपथ घातली, पुन्हा हा विषय काढायचा नाही म्हणून." ती थांबली. "आता मला बोलता येत नाही. आई बोलणार नाही. आत्या बोलू देणार नाही. राहिलं कोण? तुमचं मशीन."

"आईला नकोय तर कशाला मागं लागतेस?"

"तिला नको नाहीये. तिला भीती वाटते," रेवती म्हणाली. "मी सातवीत असल्यापासून तिनं एकटीनं केलंय माझं सगळं. उद्या मी जाणार. आज गावातली कुणीपण सवाष्ण येऊन मला हात लावेल, आणि ती मागं खुर्चीवर बसून बघत राहील. मला नाही जमणार ते. मी पाटावर बसून रडले तर आत्या म्हणेल नवरी सासरला जायचं म्हणून रडतीय."

मी नाही म्हणून सांगितलं. उगाच खोटं कशाला बोलू, मला धंद्याची काळजी होती. कौसल्याआत्यानं नाक मुरडलं असतं, तर लोणंदपासून नीरेपर्यंत कुणी मला दारात उभं केलं नसतं. रेवतीनं मान हलवली, बरं म्हणाली, आणि हात तसेच लांब धरून निघून गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

थोड्या वेळानं एक बाई चहा घेऊन आली. फिक्या रंगाची साडी, हातात घड्याळ, कपाळावर बारीक काळी टिकली. मी नाव विचारलं तर म्हणाली, "मी शालन. रेवतीची आई." चहा देऊन ती जायला निघाली, पण जाता जाता स्टेजजवळ ठेवलेल्या हळदीच्या पातेल्यापाशी थांबली आणि वाकून बघितलं. हात पाठीमागं बांधून, दुकानातल्या काचेच्या वस्तूकडं बघतात तसं.

"रंग चांगला आलाय," मी म्हणाले.

"आला न्हवं?" तिचा चेहरा एकदम उजळला. "सांगलीवरनं आणली हळकुंडं. मीच निवडली. एकबी किडकं न्हाय घेतलं."

"दळलीपण तुम्हीच?"

"छे. दळायला सवाष्णी लागत्यात." मग मला समजावून सांगावं तशी म्हणाली, "निवडायला चालतं."

ती गेली. चहा गार झाला तरी मी तशीच उभी होते. मला त्या बाईचा संताप आला, तिच्या वन्संचा आला, आबांचा आला, आणि सगळ्यांत जास्त त्या दोन शब्दांचा आला. निवडायला चालतं म्हणे.

मी टेम्पोत जाऊन बसले, काचा लावल्या, मामाला बाहेर उभं केलं, आणि माईकवर नाव भरलं. "रेवतीच्या आई, शालनताई धुमाळ." पहिल्यांदा मध्येच ट्रकचा हॉर्न आला. दुसऱ्यांदा नीट आलं.

मामानं काचेतून विचारलं, "कुणाचं नाव?"

मी सांगितलं.

"गिऱ्हाईक जाईल," तो म्हणाला.

"जाईल."

"मग गाणं तरी चांगलं लाव."

मी चांगलं गाणं लावलं. रेवतीला काही सांगितलं नाही. चूक व्हायचीय हे आधी कळलं तर माणूस वाट बघतो, आणि वाट बघणारा चेहरा लगेच ओळखू येतो.

दुपारी हॉल भरला. स्टेजवर मधोमध पाट, पाटावर पिवळ्या साडीतली रेवती, शेजारी कौसल्याआत्या. आत्या उंच, भरदार, नाकात मोठी नथ. कुणाच्याही अंगावरून नजर फिरवली तरी त्या माणसानं पाय सरळ करून बसावं अशी. पुढच्या खुर्च्यांवर आबा आणि बाकीचे मानाचे. माझं टेबल हॉलच्या मागच्या भिंतीला, कूलरच्या बाजूला. माझ्या शेजारीच खुर्च्यांची एक ओळ होती आणि तिथं मंगळसूत्र नसलेल्या चार-पाच बायका बसल्या होत्या. त्यांना कुणी तिथं बसा म्हणून सांगितलं नव्हतं. त्या आपल्या आपणच येऊन बसल्या होत्या. शालनताई त्यांच्यातच होती, मांडीवर रेवतीसाठी घडी घातलेला टॉवेल घेऊन.

सुरुवातीला दोन म्हाताऱ्यांनी हळदीच्या ओव्या म्हटल्या. त्यांच्यासाठी पाटाजवळ बुटक्या दांडीवर माईक लावावाच लागला होता. त्यांचं झाल्यावर मी तो लॅपटॉपवरून बंद केला. माईक तिथंच राहिला.

मग नावं सुरू झाली. पहिलं बटण, ढोल, "नवरीच्या आत्या, कौसल्याताई निंबाळकर." आत्या शेजारीच उभी होती, तरी चार पावलं मागं गेली आणि मिरवत पुन्हा पुढं आली. पाच वेळा हळद लावली, टाळ्या झाल्या. गाणं संपत आलं. आता चूक करायची वेळ आली होती.

मी पट्टीचं पान पालटलं. आईचं नाव मी दुसऱ्या पानावर ठेवलं होतं, कारण पहिल्यावर ठेवलं असतं तर चुकून लागलं असतं. मी बटण दाबलं.

हॉलमध्ये काही झालं नाही. आत्याचं गाणं चालूच होतं. माझ्या कानातल्या हेडफोनमध्ये मात्र ढोल वाजला आणि माझाच आवाज म्हणाला, "रेवतीच्या आई, शालनताई धुमाळ."

मी पुन्हा दाबलं. पुन्हा मलाच ऐकू आलं. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दुसरं पान तपासायचं होतं. त्याचा आवाज फक्त माझ्या कानात येणार, बाहेर जाणार नाही, ही सोय मीच करून ठेवली होती, वर्षभर मन लावून. आणि कार्यक्रम चालू असताना ती बदलता येऊ नये म्हणून कुलूपही मीच लावलं होतं. मी न चुकण्याची इतकी भक्कम व्यवस्था केली होती, की आता ठरवूनसुद्धा चुकता येत नव्हतं.

गाणं संपलं. पुढचं आपोआप लागत नव्हतंच. हॉलमध्ये शांतता झाली.

"काय झालं हो डीजेबाई?" कुणीतरी विचारलं. पुढच्या खुर्च्यांवरची माणसं एकेक करत मागं वळली. सगळा हॉल माझ्याकडं बघायला लागला. माझ्या सगळ्या कारकिर्दीत असं कधी झालं नव्हतं.

"एक मिनिट," मी म्हणाले. "मशीनची गडबड."

आणि मी तो सगळा प्रोग्राम बंद करून परत चालू केला. कुलूप काढायचा तेवढाच मार्ग होता. पडद्यावर एकेक गोष्ट जागी होत होती आणि मी फक्त दुसऱ्या पानाकडं बघत होते. नव्यानं चालू झाला की प्रोग्राम आवाजाच्या सगळ्या वाटा उघड्या ठेवतो, हे मला माहीत होतं. मीच क्लासमध्ये शिकवायचे. पण त्या क्षणी मला फक्त एकच वाट दिसत होती. माईकची मी बघितली नाही.

आधी मोठ्या स्पीकरमधून बांगड्यांचा आवाज आला.

शालनताई माझ्या शेजारून केव्हा उठली मला कळलं नव्हतं. रेवतीच्या डोळ्यात हळद गेली होती म्हणे, म्हणून ती टॉवेल द्यायला पाटाजवळ गेली होती. सगळा हॉल पाठ करून माझ्याकडं बघत होता, आणि तिकडं स्टेजवर तिघीच होत्या.

"शालन," स्पीकरमधून कौसल्याआत्याचा आवाज आला. दबका, घाईचा. "टॉवेल राहू दे. हिकडं ये."

"काय वन्सं?"

"सगळी त्या मशीनकडं बघत्यात. पटकन एक बोट लाव आन् जा खाली."

माणसांना कळेना आवाज कुठून येतोय. काहींनी वर पंख्याकडं बघितलं.

"नको वन्सं," शालनताईचा आवाज. "मला भ्या वाटतं."

"कशाचं?"

"माझा हात लागून हिचं काय वाईट झालं तर?"

माझा हात पट्टीवर होता. माईक बंद करायचं बटण बोटाखालीच होतं. मी ते दाबलं नाही. कारण पुढं आत्या काय म्हणते ते मला ऐकायचं होतं, आणि आता खरं सांगायचं तर सगळ्यांना ऐकायचं होतं.

"मलाबी वाटतं," आत्या म्हणाली. "तुला काय वाटलं, मी हौसेनं तुला मागं बसिवती? माझा एवढा भाऊ गेला. उद्या हिचं काय झालं तर लोक तुला बोलतील, मला न्हाय. म्हणून म्हणत हुते, नको. पर सकाळपासनं पोरगी तुझ्याकडंच बघाय लागलीया. मी हळद लावली तरी तुझ्याकडंच बघती. मला न्हाय बघवत. लाव बाई एकदा. कुणाला कळायचं न्हाय."

पुढच्या ओळीतून आबा उठले. त्यांनी घसा साफ केला.

"आक्का," ते म्हणाले, "माईक चालू हाय."

कौसल्याआत्यानं वर बघितलं. सगळा हॉल आता तिच्याकडं तोंड करून बसला होता. तिनं त्या बुटक्या माईककडं बघितलं. मग अगदी लांबून, खुर्च्यांच्या डोक्यांवरून, माझ्याकडं बघितलं. ती नजर आठवली की अजूनही मी खुर्चीत सरळ बसते. मग तिनं पदर डोक्यावर नीट घेतला, गुडघ्यावर हात ठेवून वाकली, आणि माईकमध्ये म्हणाली,

"असू दे."

मग आणखी जवळ तोंड नेऊन म्हणाली, "लाव गं शालन. मी सांगतीया."

शालनताईनं आधी आत्याकडं बघितलं, मग आबांकडं. आबा उभेच होते. त्यांनी मान डोलावली आणि खाली बसले. शालनताईनं एक बोट हळदीत बुडवलं आणि रेवतीच्या गालाला लावलं. एवढंच. रेवती हललीसुद्धा नाही, श्वास धरून बसली होती. शालनताईनं त्या बोटाकडं बघितलं. मग काय झालं कुणास ठाऊक, तिनं दोन्ही हात मनगटापर्यंत पातेल्यात घातले. गाल, कपाळ, गळा, कानाच्या पाळ्यांमागं, कोपरांना, पायाच्या बोटांच्या बेचक्यांत. हळद लावायची म्हणून कुणी असं लावत नाही. तान्ह्या लेकराला तेल लावून न्हाऊ घालताना बाईचे हात फिरतात, तसे तिचे हात फिरत होते. मध्येच सवयीनं तिनं रेवतीची हनुवटी धरली आणि गळ्याच्या वळीत बोट फिरवलं, आणि रेवतीनं डोळे मिटून मान मागं केली.

रेवती तेव्हा रडली. आत्या म्हणाली नाही की सासरला जायचं म्हणून रडतीय. मीही रडत होते. मामा कूलरच्या मागं जाऊन उभा राहिला होता, त्याचं मला माहीत नाही.

"डीजेबाई," आत्या माईकमधून म्हणाली. तिला आता माईक आवडायला लागला होता. "मुकी हळद चाललीया. गाणं लाव की काय तरी."

मी शालनताईसाठी निवडलेलं गाणं लावलं. नाव वगळून. त्याची आता गरज नव्हती.

शालनताई स्टेजवरून उतरली ती हात पुढं धरूनच, कशाला लागू नयेत म्हणून. वाटेत बायका बाजूला सरकत होत्या. काहींनी तिच्या खांद्याला हात लावला, काहींनी दुसरीकडं बघितलं, तेही मी बघितलं. ती परत येऊन माझ्या शेजारच्या ओळीत आपल्या खुर्चीवर बसली. हात तसेच गुडघ्यांवर उताणे ठेवलेले, आणि त्यांच्याकडं बघत बसली. मी आवाज जरा कमी केला. मला वाटलं तिला पाणी हवंय.

"काही हवंय का ताई?"

"न्हाय." ती अजून हातांकडंच बघत होती. "मी वाट बघतीया."

"कशाची?"

तिनं स्टेजकडं बघितलं. तिथं रेवतीची मामी तिला हळद लावत होती आणि रेवती कशावरून तरी हसत होती. शालनताईनं एक मोठा श्वास सोडला.

"काय झालं न्हाय," ती म्हणाली. कुणाला उद्देशून म्हणाली नाही. मग पुन्हा म्हणाली, "काय झालं न्हाय की ओ."

तिच्या पलीकडं एक अगदी म्हातारी बाई बसली होती. कार्यक्रम सुरू झाल्यापासून ती पेंगत होती असं मला वाटत होतं. ती म्हणाली, "बगू." तिनं शालनताईचा हात आपल्या हातात घेतला, सुलटा बघितला, उलटा बघितला. मग स्वतःच्या पिवळ्या झालेल्या बोटांकडं बघितलं. मग खुर्चीच्या पाठीला धरून उठली आणि माझ्या टेबलापाशी आली.

"माझं नाव भरलंय का गं ह्यात?" तिनं लॅपटॉपकडं बोट केलं.

"नाही, आजी."

"मग तोंडानं घे."

मी कौसल्याआत्याकडं बघितलं. ती तिकडून बघतच होती. तिनं हात हलवला, घे म्हणून. मी मामाला सांगून दुसरा माईक मागवला आणि गाणं थांबवलं. मी कधीच माईकवर समोरासमोर बोलले नव्हते.

"काय म्हणून घेऊ, आजी? नवरीच्या कोण तुम्ही?"

"कोण ते ऱ्हाऊ दे. समदी मला बाजीची आईच म्हणत्यात," ती म्हणाली. "तू नाव घे. द्रौपदा."

"द्रौपदाबाई," मी माईकवर म्हणाले, "हळद लावायला या."

ती माझ्या शेजारीच उभी होती. तरी ती थांबली. तिचं नाव सगळ्या हॉलभर जाऊन भिंतीवरून परत येईपर्यंत थांबली, आणि मग पदर सारखा करून निघाली.